शिकण्याचं वय

श्रोतेहो, "आता या वयात शिकून काय करायचं?" हा प्रश्न आपण सर्वांनी ऐकलेला आहे. पुष्कळांनी तो स्वतःलाच विचारला असेल. आज त्याचाच थोडा विचार करू या.

मी शिकवतो त्या महाविद्यालयात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे. रविवारी तेथे तास होतात. गेल्या वर्षी एके रविवारी सहासष्ट वर्षांचे एक गृहस्थ वर्गाच्या दाराशी आले. मी म्हणालो, "पालकांनी जरा बाहेर बसावं." ते हसून म्हणाले, "सर, विद्यार्थी मीच आहे." एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर होते ते. मी ओशाळलो.

त्या दिवशी विषय होता रोजगार हमी योजना. १९७२ चा दुष्काळ, १९७७ चा कायदा, असं मी सांगत गेलो. ते हळूच उठले. त्या दुष्काळात ते आईबरोबर खडी फोडायला जात. हाताला पडलेले घट्टे, मुकादमाचं माप, दुपारची सुकडी, सारं त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. मुलांच्या लेखण्या थांबल्या होत्या. वयस्क विद्यार्थी वर्गातून नुसता घेऊन जात नाही, तो देऊनही जातो, हे मला तेव्हा उमगलं.

परंतु आपली विद्यापीठं उभारली ती विशीतल्या मुलांसाठी. गुण, नोकरी आणि तीन तासांचा पेपर. कापऱ्या हाताने तीन तास लिहायचं कसं? कमी दिसतं त्याने बारीक टाइपाचं पुस्तक वाचायचं कसं?

जपानात आज दर दहा माणसांत जवळजवळ तीन माणसं पासष्टीच्या वरची आहेत. तेथे १९८३ साली एक नभोवाणी विद्यापीठ स्थापन झालं आणि १९८५ पासून रेडिओ व दूरचित्रवाणीवरून पाठ सुरू झाले. प्रवेशपरीक्षा नाही. हवा तर एकच विषय घ्यावा. पदवी हवी असेल तर दहा वर्षांपर्यंत सवडीने पुरी करावी. माणसाने विद्यापीठाच्या वेळेला जुळवून घ्यायचं नाही. विद्यापीठाने माणसाच्या सवडीला जुळवून घ्यायचं, असा हा हिशेब आहे.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं दहा कोटींहून अधिक भरली. त्यांतल्या कितीतरी बायांची शाळा धाकटं भावंड सांभाळण्यात सुटली. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढून त्याने बारावी न झालेल्यांनाही पदवीची वाट दाखवली. हे मोठंच काम झालं. आता पुढचं पाऊल हवं. परीक्षा न देताही एखादा विषय ऐकता यावा. केंद्र गावाजवळ असावं. पुस्तकं ठसठशीत अक्षरांत असावीत.

आणि गुरुजी, एक काम तुमच्याकडे आहे. प्रवेशाचा अर्ज आता संगणकावर भरावा लागतो. पुष्कळांचं पाऊल तेथेच अडतं. एखादी आजी, एखादे आजोबा विचारायला आले, तर "कशाला हो आता?" असं म्हणू नका. शेजारी बसवून घ्या आणि अर्ज भरून द्या.

आमचे कंडक्टरसाहेब पहिल्या वर्षी एका विषयात राहिले. मला वाटलं, आता येणार नाहीत. पुढच्या रविवारी ते पहिल्या बाकावर हजर! म्हणाले, "सर, गाडी चुकली म्हणून कुणी गाव सोडून देतं का?"