परवलीच्या शब्दावाचून प्रवेश



किल्ल्याचा दरवाजा रात्री बंद झाला म्हणजे बाहेरून येणाऱ्याला परवलीचा शब्द विचारण्याची चाल जुनी आहे. शब्द जुळला तर दिंडी उघडे. चुकला तर ओळखीचा माणूसही बाहेर राही. संगणकाने हीच चाल उचलली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १९६१ साली एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था उभी राहिली. प्रत्येकाचे कागद निराळे राहावेत म्हणून फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकास एकेक परवलीचा शब्द दिला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने, संगणकावर आपल्याला अधिक वेळ मिळावा एवढ्याचसाठी, त्या सर्व शब्दांची यादीच छापून घेतली. म्हणजे परवलीच्या शब्दाचा जन्म आणि त्याची चोरी यांत फार अंतर पडले नाही.

किल्ल्यावरची परवल वेळोवेळी बदलली जाई. संगणकावरची मात्र वर्षानुवर्षे तीच राहते, आणि ती एक नसून अनेक असतात. बँकेची निराळी, गॅसची निराळी, मुलाच्या शाळेची निराळी. इतके शब्द ध्यानात ठेवणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. मग मुलाचे नाव व जन्मवर्ष जोडून केलेला एकच शब्द सगळीकडे वापरला जातो, किंवा तो दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवला जातो. एका ठिकाणाहून तो चोरीस गेला की सर्व दारे एकदम उघडतात. यात दोष सामान्य माणसाच्या स्मरणशक्तीला देण्याची प्रथा पडली आहे, ती अन्यायाची आहे. भार चुकीच्या खांद्यावर टाकला गेला, हे खरे कारण होय.

हा भार उतरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे खाजगी दुवा, ज्याला आता सर्रास लिंक म्हणतात. अर्जदार आपला ई-मेलचा पत्ता किंवा मोबाइलचा क्रमांक सांगतो. संकेतस्थळ त्या ठिकाणी एक दुवा धाडते. दुव्याच्या शेवटी अक्षरांची एक लांबलचक, निरर्थक माळ असते. अर्जदाराने दुव्याला स्पर्श केला की ती माळ संकेतस्थळाकडे परत जाते आणि तिथल्या नोंदीशी जुळली की दार उघडते. पाठांतर काहीच नाही. ज्याच्या पेटीत टपाल पडले तोच धनी, एवढाच या पद्धतीचा आधार.

सराफकट्ट्यावरील जुन्या मंडळींना हुंडीचे प्रकार ठाऊक असत. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या गृहस्थालाच मिळत. देखाडनार हुंडी मात्र जो आणून दाखवील त्याच्या हाती पैसे देई. खाजगी दुवा ही देखाडनार हुंडी आहे. हे एकदा ध्यानी आले म्हणजे तो तयार करणाऱ्याने, धाडणाऱ्याने आणि घेणाऱ्याने कसे वागावे याचा बराचसा उलगडा होतो.

दुवा अंदाजाने सापडता कामा नये, ही पहिली अट. कचेरीतील आवक-जावक नोंदवहीत क्रमांक ओळीने पडतात, आणि तिथे ते योग्यच असते. तोच क्रमांक दुव्यात घातला तर अनर्थ ओढवतो. फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल ही कॅलिफोर्नियातील, मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा उतरवणारी कंपनी. ग्राहकांना कागदपत्रे पाहण्यासाठी ती दुवे देत असे आणि दुव्यात कागदाचा अनुक्रमांक असे. एक अंक मागेपुढे केला की दुसऱ्याच कोणाचा कागद पडद्यावर येई. आपण कोण, हे कोणी विचारीत नसे. मे २०१९ मध्ये ही गोष्ट उजेडात आली, तेव्हा २००३ सालापासूनच्या सुमारे ८८ कोटी ५० लाख नोंदी अशा उघड्या असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यांत बँक खात्यांचे क्रमांक होते, कराचे कागद होते, गहाणखते होती. कुलूप कोणी फोडले नव्हते. कुलूप घातलेलेच नव्हते.

हे उदाहरण परदेशचे असले तरी चूक कोठेही होण्यासारखी आहे. शाळेने निकालाचा दुवा बैठक क्रमांकावर बेतला तर वर्गातील कोणताही मुलगा शेजाऱ्याचे गुण पाहू शकतो. पंचायतीने घरपट्टीच्या पावतीचा दुवा घर क्रमांकावर बेतला तर साऱ्या वाड्याची थकबाकी चव्हाट्यावर येते. म्हणून दुव्यातील माळ नाव, तारीख वा क्रमांक यांवरून न करता, संगणकात गुप्ततेच्या कामासाठीच जी यादृच्छिक संख्या काढण्याची सोय असते तिच्यातून घ्यावी. प्रत्येक जागी सोळांपैकी एक चिन्ह आणि अशा बत्तीस जागा, एवढी माळ पुरते. तिच्या शक्यतांची संख्या एकोणचाळीस अंकी भरते. कोणी सेकंदाला शंभर कोटी माळा ताडून पाहू लागला तरी सर्व ताडून होण्यास विश्वाच्या आजवरच्या वयाच्या कित्येक अब्जपट काळ लागेल.

प्रवेशाच्या दुव्याचे आयुष्य दहा-पंधरा मिनिटांचे असावे आणि एकदा वापरला की तो रद्द व्हावा. संकेतस्थळाने आपल्या नोंदीत मूळ माळ ठेवू नये, तिचा केवळ ठसा ठेवावा. ठशावरून अंगठा ताडता येतो, पण ठशातून अंगठा घडवता येत नाही. मग शेर यांच्यासारखा कोणी यादी छापून नेली तरी त्याच्या हाती उपयोगाचे काही लागत नाही. आणखी एक बारकावा बहुधा दुर्लक्षिला जातो. पत्ता नोंदलेला असो वा नसो, संकेतस्थळाने उत्तर एकच द्यावे: पत्ता नोंदलेला असल्यास दुवा धाडला आहे. अन्यथा रुग्णालयाच्या संकेतस्थळावर कोणाचाही पत्ता घालून तो तिथे रुग्ण आहे की नाही हे शेजाऱ्याला कळेल.

येथे एक मौजेची अडचण येते. पुष्कळ ठिकाणी टपाल पोहोचवणारी यंत्रणा, दुव्यात काही विषारी तर नाही ना, हे पाहण्यासाठी तो स्वतःच आधी उघडून पाहते. दुवा एकदाच चालणारा असल्याने खरा धनी येईपर्यंत तो खर्ची पडलेला असतो, आणि बिचारा अर्जदार पुन्हा पुन्हा नवा दुवा मागत राहतो. उपाय साधा आहे. दुवा उघडल्यावर प्रथम केवळ ‘प्रवेश करा’ असे बटण दिसावे आणि ते दाबल्यावरच दुवा वापरला गेला असे धरावे.

एखादा कागद दुसऱ्यास दाखवण्यासाठी दिलेला दुवा याहून निराळा. तो काही दिवस चालावा लागतो. म्हणून त्याने तेवढा एकच कागद उघडावा, साऱ्या खात्याचे दार उघडू नये. मुदत संपताच तो मिटावा. आणि मालकास तो केव्हाही रद्द करता यावा. मराठेशाहीतील पत्रांच्या अखेरीस, मजकूर जेथे संपला तेथे, लेखनसीमेची लहान मुद्रा उमटवीत, ती कोणी खाली ओळ वाढवू नये म्हणून. आजच्या चांगल्या दुव्यातही कागदाचा क्रमांक व मुदत यांच्यामागे अशीच एक खूण असते. ती संकेतस्थळाजवळील गुप्त किल्लीने गणिताने काढलेली असते. मुदतीचा एक अंक जरी कोणी बदलला तरी खूण जुळत नाही.

दुव्याऐवजी सहा अंकी संकेतांक, म्हणजे ओटीपी, येतो तेव्हा शक्यता अवघ्या दहा लाख. तीन-चार चुकांनंतर तो रद्द झाला तर तेवढ्या पुरतात. पण त्याचा खरा शत्रू अंदाज नव्हे, गोड बोलणे होय. भामटा आपल्या यंत्रावर गृहिणीचा क्रमांक घालतो. तिच्या मोबाइलवर खऱ्या बँकेचाच खरा संकेतांक येतो, आणि दूरध्वनीवरून तो ‘साहेबां’ना वाचून दाखवला जातो. न मागता आलेला संकेतांक किंवा दुवा कोणालाही सांगू वा पुढे धाडू नये. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे.

भोळ्या माणसालाही फसवता येऊ नये अशी योजना म्हणजे पासकी. तिच्या मुळाशी १९७६ साली डिफी व हेलमन यांनी मांडलेली जाहीर किल्लीची कल्पना आहे. मोबाइल दोन किल्ल्यांची जोडी घडवतो. एक संकेतस्थळाकडे जाते, ती चोरीस गेली तरी बिघडत नाही. दुसरी गुप्त किल्ली संकेतस्थळाला कधीच दिली जात नाही. प्रत्येक वेळी संकेतस्थळ एक नवे कोडे धाडते, धनी बोटाचा ठसा देऊन मोबाइलला परवानगी देतो, आणि मोबाइल गुप्त किल्लीने त्यावर सही करतो. ठसा मोबाइलमध्येच राहतो. मुख्य म्हणजे किल्ली त्या संकेतस्थळाच्या नावाशी बांधलेली असते. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट स्थळाला ती उत्तरच देत नाही. वाचून दाखवण्यासारखे काही नसल्याने गोड बोलणाऱ्याचा धंदा बसतो. या पद्धतीला मार्च २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले आणि २०२२ साली ॲपल, गुगल व मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तिचा पुरस्कार केला.

तरीही खेड्यातील अनेकांचा व्यवहार अद्याप मोबाइल क्रमांकावरच चालतो, आणि तेथे एक खाच आहे. गोव्यातील कितीतरी घरांतील मुलगा जहाजावर नोकरीस असतो. आईचा अर्ज भरताना क्रमांक त्याचा दिला जातो. मुलगा भर समुद्रात, दुव्याचे आयुष्य पंधरा मिनिटांचे, आणि आई मामलेदार कचेरीत खिडकीशी उभी. अशा वेळी कारकुनाने तिला ओळखपत्र पाहून क्रमांक बदलण्याचा अर्ज द्यावा, परत धाडू नये. दुसरे असे, की बंद झालेला क्रमांक कायमचा मरत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितल्याप्रमाणे तो किमान ९० दिवसांनंतर नव्या ग्राहकास देता येतो. जुन्या क्रमांकावर खाते बांधलेले राहिले तर त्यानंतरचा प्रत्येक संकेतांक आणि प्रत्येक दुवा त्या अनोळखी माणसाच्या हाती पडेल. तेव्हा सिमकार्ड सोडण्यापूर्वी बँक, निवृत्तिवेतन व शाळा येथे नवा क्रमांक नोंदवून घ्यावा, आणि नोंद झाल्याची पोच हाती आल्यावरच जुने कार्ड बंद करावे.