लेकीबरोबर दीड किलोमीटर

बचत गटाच्या बैठकीत तुम्ही सगळ्यांनी विचारलंत, "काकू, विलायतेला जाऊन आलात, काय काय बघितलंत?" राजवाडा बघितला नाही, हे आधीच सांगून टाकते. मी गेले होते लेकीच्या बाळंतपणाला. आज तिथल्या एका वाटेची गोष्ट सांगते.

लेक ऑक्सफर्डला राहते. मार्चमध्ये नातू झाला. मी डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, सगळं बांधून नेलं होतं. कानाला फडकं बांधायचं आणि सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, हा माझा नियम. पोर बिचारी ऐकत होती. पण दिवसदिवस बोलायची नाही, खिडकीकडे बघत बसायची. मी म्हणायचे, "अगं, सोन्यासारखं बाळ झालंय, रडतेस कशाला?"

तिकडे एक नर्सबाई घरी येते, हेल्थ व्हिजिटर म्हणतात तिला. आपल्या आशाताई येतात ना, तसंच. तिनं बाळाचं वजन केलं, मग लेकीला विचारलं, "तू कशी आहेस? झोप लागते का? कशात मन रमतं का?" लेक हमसून हमसून रडली. मला इंग्रजी येत नाही, पण रडणं कळतं. महिनाभर मी तिच्या पोटाची, दुधाची, लाडवांची चौकशी केली होती, हा प्रश्न मात्र एकदाही विचारला नव्हता. डॉक्टरांनी उपचार सुरू केले, आणि झेपेल तेवढं रोज मोकळ्या हवेत चाला असंही सांगितलं. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले. वारं बाधेल, दुसरं काय!

मे महिन्यात, बाळ सात आठवड्यांचं झाल्यावर जावयांनी आम्हाला गाडीनं कॉट्सवोल्ड भागात नेलं. लोअर स्लॉटर आणि अप्पर स्लॉटर अशी दोन गावं, म्हणजे खालचं आणि वरचं. मधलं अंतर सुमारे दीड किलोमीटर. त्या शब्दाचा इंग्रजीत अर्थ होतो कत्तल. मी म्हटलं, बाळाला घेऊन कुठं निघालो आपण? जावई हसले. गावाचं नाव जुन्या भाषेतल्या चिखलाच्या शब्दावरून आलंय म्हणे. म्हणजे आपल्याकडचंच की!

खालच्या गावातून आय नावाची नदी वाहते. नदी कसली, आपला ओढाच. त्यावर दगडी साकव. घरं मधाच्या रंगाच्या दगडाची, आणि एक जुनी पाणचक्की, मोठं चाक असलेली. लेकीनं बाळाला पोटाशी झोळीत बांधलं आणि आम्ही तिघी-चौघं वरच्या गावाला निघालो.

चक्कीपुढं वाट सरळ शेतात शिरली. मी थबकले. कुणाच्या रानातून जायचं, धनी बघेल तर? लेकीनं फाटकाजवळचा पिवळा बाण दाखवला. त्याचा अर्थ, ही पायी चालणाऱ्यांची सार्वजनिक वाट. रान मालकाचं, पण वाट सगळ्यांची. निळा बाण असेल तिथं घोडा आणि सायकलही चालते. फाटक असं फिरतं की माणूस निघून जातो, मेंढरू अडकून राहतं. कुंपणाला पांढरी फुलं आली होती, रानात कोकरं उड्या मारत होती. कडेला एक खाजरं झुडूप असतं, आपल्या खाजकुयलीची बहीणच समजा. माझ्या पायाला लागलंच.

ही वाट त्यांना फुकट मिळालेली नाही. 1932 साली किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडो कामकरी माणसं बंदी मोडून चढली, त्यातल्या पाच जणांना तुरुंगात टाकलं. पुढं 1949 च्या कायद्यानं अशा वाटा नकाशावर नोंदवायला लावल्या. वाट शेताच्या मधून जात असेल तर नांगरल्यावर ठरलेल्या मुदतीत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. हे ऐकलं आणि मला आपली पाणंद आठवली, बाभळीच्या काट्या टाकून अडवलेली. आपल्याकडंही 1906 चा मामलेदार न्यायालयाचा कायदा आहे बरं का. वहिवाटीचा रस्ता अडवला तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडं दाद मागता येते. आम्ही बसलो "भावकीत कशाला वाकडं" म्हणत, आणि मुदत गेली. तुम्ही तसं करू नका.

वरचं गाव छोटंसं. पण ऐका, दोन्ही महायुद्धांत त्या गावचे जे जे गेले, ते सगळे जिवंत परत आले. इंग्लंडात असं नशीब फार थोड्या गावांच्या वाट्याला आलं. तिथल्या आयांचं मनात आलं माझ्या. तार घेऊन कुणी दाराशी येईल का, या भीतीत त्या वर्षानुवर्षं बसल्या असतील. आणि शेजारच्या गावात ती तार येत असेल.

परत आलो डांबरी रस्त्यानं. एक गाडी जेमतेम मावेल एवढाच, दोन्ही बाजूंनी चुना न लावता रचलेल्या दगडी ताली. अशा रस्त्यावर उजव्या बाजूनं चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. आपल्याकडंही पहाटे फिरायला जाता ना, तेव्हा असंच चाला. बायका डाव्या बाजूनं जोडीनं गप्पा मारत जातात आणि मागून ट्रक येतो.

सगळं चालणं मिळून तीन किलोमीटर. आम्हाला दीड तास लागला, कारण लेक मध्येच थांबायची, श्वास घ्यायची. बोलली फारशी नाही. मीही मुद्दाम काही बोलले नाही, आणि मला ते किती जड गेलं हे तुम्हाला सांगायला नको! खालच्या गावात साकवापाशी टेकलो तेव्हा ती म्हणाली, "आई, भूक लागलीय गं."

बाळ झाल्यापासून पहिल्यांदा तिनं आपणहून खायला मागितलं. औषधं पुढं बरेच महिने चालली, ती काही एका दिवसात बरी झाली नाही. पण त्या दिवशी मी पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. दोन दशम्या तिनं खाल्ल्या. कानाला बांधलेलं फडकं कधीच सुटून गळ्यात आलं होतं, ते मी घडी करून पिशवीत टाकलं.