टाके निघाल्यावर

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. भुसावळ-सुरत लोहमार्गाने धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतील माणसे येथे आली आणि कापडाच्या धंद्यात स्थिरावली. पुरुष मागावर जातो, आणि घरची स्त्री स्वयंपाकपाणी आटोपून साडीला टिकल्या किंवा लेस लावीत बसते. अशाच एखाद्या गृहिणीला स्तनाचा कर्करोग जडतो. कोणी सुरतेतच उपचार घेते, कोणी गाडीने मुंबईस, १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयात जाते. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात. शेजारणी नारळाने ओटी भरतात. संकट टळले, असे घरातील प्रत्येकाला वाटते.

सहा महिने लोटतात. नवरात्र येते. मोहल्ल्यात गरब्याचा फेर धरला जातो. पण तिचा हात खांद्याच्या वर जात नाही. दंडाची आतली बाजू बधिर आहे, आणि नवल असे की, त्या बधिर कातडीखालीच निखारा ठेवल्यासारखी आग होते. मधूनच वीज चमकावी तशी कळ काखेतून उठते. पोलक्याची शिवणसुद्धा सोसवत नाही. एकदा धीर करून तिने हे सासूबाईंच्या कानावर घातले, तेव्हा उत्तर आले, “अगं, जीव वाचला ना तुझा? मग आता कशाला कुरकुर?” तेव्हापासून ती बोलेनाशी झाली. आपणच कृतघ्न आहोत, असे तिला वाटू लागले.

ती कृतघ्न नाही आणि तिची वेदना काल्पनिकही नाही, हे प्रथम स्पष्ट सांगितले पाहिजे.

छातीच्या दुसऱ्या व तिसऱ्या फासळीच्या मधून एक बारीक मज्जातंतू निघतो आणि काखेतून दंडाच्या आतील कातडीपर्यंत जातो. रोग काखेतील गाठींत पसरला असल्यास त्या काढाव्या लागतात, आणि त्या काढताना हा तंतू ताणला जातो किंवा तुटतो. तुटलेल्या तारेतून खरा संदेश जात नाही, म्हणून कातडी बधिर होते. परंतु त्याच तारेच्या दुखावलेल्या टोकातून खोटे संदेश मात्र उठत राहतात. मेंदूला ते आग आणि कळ म्हणून कळतात. जखम वरून भरली, तरी तार आत कुरबुरत असते. काही स्त्रियांना तर काढून टाकलेला स्तनच दुखतो असे जाणवते. तेही वेड नव्हे. मेंदूतील त्या अवयवाचा नकाशा अजून पुसला गेलेला नसतो.

हे दुःख विरळाही नाही. डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनी तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडे चौकशी करण्यात आली. २००९ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांपैकी शंभरांत ४७ जणींना वेदना होत होत्या. म्हणजे रुग्णालयाच्या बाकावर दहा जणी बसल्या असतील, तर त्यांतील चार-पाच जणी मुकाट्याने हेच सोसत असण्याचा संभव आहे. आणि प्रत्येकीला मात्र वाटते की, आपण एकट्याच.

वेदनेच्या मागोमाग औदासीन्य येते. झोप लागत नाही, अन्नावर वासना राहत नाही, आरशासमोर उभे राहवत नाही, शिंप्याकडे माप द्यायला जाणे नकोसे होते. हेही आजचे नाही. फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेवर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद लारे यांनी ही शस्त्रक्रिया केली. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. ते सारे तिने धैर्याने सोसले. पण पुढे बहिणीला तो वृत्तान्त लिहिताना तिला महिने लागले, आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचे धाडस तिला झाले नाही. सुरीखाली न डगमगलेली स्त्री आठवणीने डगमगली. तिला कोणी भित्री म्हणणार नाही. मात्र हेही ध्यानात ठेवावे की, ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली आणि ८७ व्या वर्षी वारली.

मग उपाय काय? वैद्यकाने येथे एक मोठी मजेची गोष्ट शोधली आहे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या आगीवर फारशा चालत नाहीत. परंतु ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन यांसारखी जी औषधे मुळात खिन्नतेवर वापरली जात, तीच मज्जातंतूची वेदनाही उतरवतात. गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन ही फेफऱ्यावरील औषधेही कित्येकींना उपयोगी पडतात. शरीराचे दुखणे आणि मनाचे दुखणे यांच्या वाटा मेंदूत किती जवळून जातात, याचा याहून बोलका पुरावा कोणता? म्हणून डॉक्टरांनी मनाचे औषध लिहून दिले, तर ‘मला वेडी ठरवले’ असे कोणी समजू नये. मात्र ही औषधे दुकानातून आपल्या मनाने घ्यावयाची नव्हेत. विशेषतः टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे; कारण खिन्नतेवरील काही औषधे त्याचा गुण कमी करतात.

घरीही पुष्कळ करता येते. डॉक्टरांची संमती मिळाल्यावर भिंतीसमोर उभे राहून बोटांनी हळूहळू भिंत चढावी, आणि पोहोचलेल्या जागी खडूने रेघ ओढावी. आठवड्याने रेघ दोन बोटे वर गेलेली दिसली की मनही तेवढे वर येते. सुरत तर कापडाचे गाव! आग होणाऱ्या कातडीवरून आधी रेशमी, मग सुती, मग जाडेभरडे कापड रोज थोडा वेळ हलकेच फिरवावे. स्पर्शाची भीती अशाने हळूहळू मोडते. शेकताना मात्र जपावे. बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही, म्हणून पिशवीची ऊब आधी दुसऱ्या हाताने पाहावी. हात सुजला, लाल झाला, ताप आला किंवा नवी गाठ लागली, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता रुग्णालय गाठावे.

घरच्यांचे काम याहून अवघड आहे, कारण ते न बोलण्याचे आहे. बायबलमध्ये ईयोबाची कथा आहे. सर्वस्व गमावून तो राखेत बसला, तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसून राहिले. तेवढी त्यांची खरी सेवा. पुढे ते उपदेश करू लागले, दोष तुझाच असेल असे पटवू लागले, आणि शेवटी देवाने ठपका ठेवला तो त्या उपदेशकांवर. ईयोबाने देवापाशी तक्रार केली म्हणून तो अधर्मी ठरला नाही. जीव वाचल्याचा आनंद आणि अंगातील आग, दोन्ही एकाच स्त्रीच्या ठायी एकाच वेळी खरी असू शकतात. ‘आज कसे आहे?’ असे विचारून नवऱ्याने उत्तर संपेपर्यंत ऐकले, सासूने पाण्याची कळशी आपण उचलली, तर शंभर उपदेशांचे काम होते.

आणि ज्या घरात ऐकणारे कोणीच नसेल, किंवा जगणेच नकोसे वाटू लागले असेल, तेथे लाजू नये, विलंबही करू नये. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते आणि गुजरातीतही.

पुढच्या नवरात्रात तिचा हात पूर्ण वर जाईलच, असे वचन कोणी देऊ शकत नाही. कित्येकींची वेदना मावळते, काहींची थोडी उरते. पण जिचे दुःख घराने खरे मानले, ती उरलेल्या वेदनेसहही फेरात उतरते, आणि हात पोहोचेल तेवढ्या उंचीवर टाळी देते.