मग, मोजे आणि मध्यरात्र

उज्जैनला नानाखेड्याच्या बसस्टँडजवळ एखाद्या दुकानात दिवसभर उभे असणारे साठीतले काका डोळ्यांपुढे आणा. रात्री साडेदहाला आडवे होतात. एक, तीन, साडेचार, असे तीनदा अंधारात चपला चाचपतात. काकू म्हणतात, "वय झालं." शेजारी म्हणतात, "प्रोस्टेट असणार, दुसरं काय!" मला दोन्ही निदानं घाईची वाटतात.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढते, नळी आवळली जाते. मग धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, उठून आलं तरी काही राहिल्यासारखं वाटतं. हे दिवसाही होत असेल तर संशय रास्त आहे. पण दिवसा सगळं ठीक आणि रात्रीच फेऱ्या?

अशा वेळी मापाच्या खुणा असलेला एक मग घ्यावा. तीन दिवस प्रत्येक लघवी मोजायची, वेळ लिहायची. रात्रीच्या हिशेबात सकाळी उठल्यावरची पहिलीही धरायची. दर वेळी थोडीथोडीच होत असेल तर अडचण मूत्राशयाची किंवा प्रोस्टेटची. पण काकांची चोवीस तासांची मिळून १५०० मिलिलिटर आणि त्यातली ८०० रात्रीची निघाली, तर? या वयात रात्रीचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला की समजावं, मूत्रपिंडंच रात्रपाळी करताहेत.

का करतात? काकांचे मोजे काढून बघा. घोट्यावर इलॅस्टिकचा खोल वळ दिसेल. दिवसभर उभं राहून पाणी पायांत उतरतं. आडवं झालं की तेच रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात. कधी हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असतं. संध्याकाळी तासभर पाय उशीवर घेऊन पडलं तर बरंचसं पाणी झोपण्याआधीच निघून जातं. लघवीची गोळी चालू असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदला.

काका घोरतात का, हेही काकूंना विचारा. झोपेत श्वास अडखळला की हृदयावर ताण येतो आणि त्यातून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. तहान फार आणि दिवसाही लघवी भरपूर असेल तर आधी साखर तपासा. रात्रीचा चहा आणि उशाचा तांब्या यांच्याबद्दल मी वेगळं काय सांगू!

लघवीत रक्त दिसलं, ताप आला किंवा लघवी तुंबली तर तो मग बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. सर्दीच्या काही गोळ्यांनीही प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते, तेव्हा त्या दुकानातून परस्पर घेऊ नका.

आणि हो, त्या मगावर ठळक अक्षरांत नाव लिहा. नाहीतर सकाळी कुणीतरी त्यानंच आमटीचं पाणी मोजेल.