एका शिळेची दोन नावे



डायनासोर म्हटलं की सभागृह भरतं, हे संयोजकांना पक्कं ठाऊक आहे. पण माझा आजचा नायक डायनासोर नाही. जेमतेम मीटरभर लांबीचा, गोड्या पाण्यात राहणारा हा सरीसृप. नाव हायफॅलोसॉरस. मान लांबलचक, डोकं मात्र इवलंसं. माणसाच्या मानेत 7 मणके असतात. याच्या मानेत 19. ईशान्य चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या तळ्यांत सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वी तो पोहत होता. कोरिस्टोडेरा या त्याच्या शाखेतलं आज कुणीही उरलेलं नाही.

त्या तळ्यांभोवती ज्वालामुखी होते. राख पाण्यात पडे, बारीक गाळ थरावर थर साचत जाई आणि तळाशी गेलेला जीव फारसा विस्कटत नसे. त्या गाळाचा आता दगड झाला आहे. तो फोडला की भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे त्याचे दोन भाग होतात आणि एकाच प्राण्याचा ठसा दोन्हीकडे मिळतो. भानगड होते ती इथेच. जीवाश्म खणून विकणाऱ्याला दोन भागांचे दोन गिऱ्हाइकांकडून पैसे मिळतात. गरिबाने ते घेतले तर त्याला नावं ठेवायला मी तयार नाही.

हायफॅलोसॉरसच्या पहिल्या सांगाड्याचे दोन भाग असेच दोन संस्थांत गेले. 1999 साली एका गटाने त्याचं नाव हायफॅलोसॉरस ठेवलं, तर दुसऱ्याने सायनोहायड्रोसॉरस. एकाच जिवाचं दोन घरी बारसं झालं! 2001 साली स्मिथ आणि हॅरिस या अभ्यासकांनी हा गुंता सोडवला. त्यांनी हायफॅलोसॉरस हेच नाव कायम ठेवलं. पिसांच्या ठशांमुळे 1996 साली जगभर गाजलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनासोरच्या शिळेचीही अशीच वाटणी झाली होती.

मला मात्र या नावांच्या भांडणापेक्षा हायफॅलोसॉरसची पिल्लं जास्त मोलाची वाटतात. बहुतेक प्राचीन सरीसृप आपल्याला एखाद्या कवटीवरून, चार हाडांवरून ओळखावे लागतात. याचे सांगाडे ढिगाने मिळाले आहेत, पार पोटातल्या गर्भापासून पूर्ण वाढलेल्या प्राण्यापर्यंत. 2010 साली एका गाभण मादीचं वर्णन प्रसिद्ध झालं. तिच्या पोटात 18 गर्भ होते. गोड्या पाण्यातला एखादा प्राचीन सरीसृप पिल्लांना जन्म देत होता, याचा हा पहिला पुरावा. बाहेर येऊ घातलेलं पिल्लू उलटं फिरल्याने ती बाळंतपणात अडली असावी, असं त्या संशोधकांचं मत आहे.

पिल्लं इतकी सापडली, म्हणून त्यांत एक विरळा जीवही हाती लागला. जेमतेम 7 सेंटीमीटरचं एक पिल्लू, त्याला दोन माना आणि दोन डोकी. साप-कासवांत आजही क्वचित असं होतं. लिआओनिंगचा दगड म्हटल्यावर मनात आधी शंका येते, आणि ती यायलाच हवी. निरनिराळ्या प्राण्यांचे तुकडे चिकटवून बनवलेला ‘आर्किओरॅप्टर’ तिथूनच आला होता आणि 1999 साली मोठ्या गाजावाजात जगापुढे मांडला गेला होता. पण या पिल्लाच्या दोन्ही माना खांद्याजवळ एकाच कण्याला मिळतात. एरिक ब्युफेतो आणि सहकाऱ्यांनी 2006 साली त्याची नोंद केली, ती जन्मजात व्यंग म्हणून.