श्रमाचे दिवस, विसाव्याचे दिवस आणि आपले ताट



रायगडच्या किनारपट्टीवर श्रमाचे आणि विसाव्याचे दिवस निसर्गच ठरवून देतो. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. थळ, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन येथे होड्या किनाऱ्यावर विसावतात. नेमक्या याच सुमारास भातशेतीत लावणीची घाई सुरू होते. एकाच गावात, क्वचित एकाच घरातही, खलाशाचे श्रम ओसरतात तेव्हा चिखलात दिवसभर वाकून रोपे लावणाऱ्या स्त्रीचे श्रम शिगेला पोचतात. प्रश्न असा की, श्रमाबरोबर ताटही बदलते काय?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविलेली प्रमाणे याबाबत मार्गदर्शक आहेत. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी रोज २,११०, मध्यम श्रमांसाठी २,७१० आणि कष्टाच्या कामासाठी ३,४७० उष्मांक, म्हणजेच कॅलरी, लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे अनुक्रमे १,६६०, २,१३० आणि २,७२० असे आहेत. बैठे काम आणि कष्टाचे काम यांत स्त्रीच्या बाबतीत १,०६० उष्मांकांचा फरक पडतो. हा फरक सुमारे ३०० ग्रॅम कच्च्या तांदळाइतका आहे. गर्भवती स्त्रीला याशिवाय रोज ३५० आणि स्तनदा मातेला पहिले सहा महिने ६०० उष्मांक अधिक लागतात.

आता घरातील रीत पाहा. सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते गृहिणीने खायचे, ही चाल अजून पुष्कळ घरांत टिकून आहे. पावसाळ्यात हातात पैसा कमी, ताजी मासळी दुर्मीळ आणि लाकूडफाटा ओला. ज्या दिवसांत तिची गरज सर्वांत मोठी, त्याच दिवसांत तिच्या वाट्याला सर्वांत कमी येते. ही तूट शरीर स्वतःच्या चरबीतून आणि स्नायूंतून भरून काढते. लावणीच्या हंगामात बाई सुकते असे आपण सहज म्हणतो. ते सुकणे म्हणजे ही उधारी होय.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. बंदीच्या काळात खलाशी अगदी रिकामा नसतो; जाळी दुरुस्त करणे, होडीची डागडुजी ही कामे चालूच असतात. पण समुद्रावर जाळे ओढण्याइतके कष्ट त्यांत नाहीत. भूक मात्र जुन्या सवयीने लागते. गरजेपेक्षा रोज ३०० उष्मांक जास्त गेले, तर ६१ दिवसांत १८,३०० उष्मांक साठतात. कागदावरच्या हिशेबाने ही दोन किलोंहून अधिक चरबी झाली. दरवर्षी त्यातील थोडी जरी अंगावर राहिली, तरी चाळिशीनंतर मधुमेह व रक्तदाब यांना वाट मोकळी होते. कचेरीत बसून काम करणाऱ्या आपणा सर्वांनाही हाच नियम लागू आहे.

मग विसाव्याच्या दिवशी उपास करावा काय? मुळीच नाही. शरीर रोज रात्री जमाखर्च मिटवीत नाही. आठवड्याची सरासरी महत्त्वाची. शिवाय झिजलेल्या स्नायूंची दुरुस्ती विश्रांतीतच होते. म्हणून प्रथिने कधीही कमी करू नयेत. पुरुषास रोज सुमारे ५४ आणि स्त्रीस ४६ ग्रॅम प्रथिने दोन्ही दिवशी लागतात. वालाचे बिरडे, डाळ, अंडे, मासळी आणि पालेभाजी ताटात तशीच राहावी. कमी करायचे ते भाताची शेवटची वाढ, तळण आणि साखर. तेलाचा १५ ग्रॅमचा एक मोठा चमचा १३५ उष्मांक देतो. दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा सुमारे १६० उष्मांक देतात.

कष्टाच्या दिवशी याच्या उलट करावे. शेतावर जाण्यापूर्वी पेज किंवा भाकरी, सकाळच्या मधल्या सुट्टीत भाकरीबरोबर उसळ अथवा सुकट, आणि दुपारी पोटभर जेवण, अशी विभागणी असावी. सुकी मासळी उत्तम प्रथिने देते. मात्र खारवलेली असल्यास धुऊन घ्यावी आणि रक्तदाब असणाऱ्यांनी बेताने खावी. वाढत्या मुलांचे अन्न सुट्टीच्या दिवशी तोडू नये. कबड्डीचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्याने सरावापूर्वी व नंतर काही खाल्ले आहे काय, हे शिक्षकांनी अवश्य विचारावे.

पंचायतीने करावयाचे काम अवघड नाही. मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या आरंभी गावातील स्त्री-पुरुषांची वजने उपकेंद्रात घ्यावीत. कोणाचे घटले आणि कोणाचे वाढले, हे दोन आकडेच सांगतील. वजन घटलेल्या गर्भवती व स्तनदा मातांकडे आरोग्य सेविकेने प्रथम जावे. लावणीच्या बांधावर न्याहारी वेळेवर पोचेल अशी व्यवस्था बचत गटांच्या साहाय्याने करता येईल.

अन्नाची वाटणी मानाप्रमाणे न होता श्रमाप्रमाणे व्हावी, एवढीच विनंती आहे. ज्या घरात लावणीहून परतलेल्या स्त्रीला पहिले ताट वाढले जाईल, त्या घराला पोषणाचा निराळा धडा देण्याची गरज उरणार नाही.