समुद्रावरील बिनतारी हाक

भोपाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर वसलेले आहे, आणि त्यातील गोविंदपुरा ही तर कारखान्यांची वस्ती. अवजड विद्युत् यंत्रे घडविणाऱ्या या परिसरात महाराष्ट्रातून येऊन स्थायिक झालेली अनेक कुटुंबे आहेत. त्यांपैकी कित्येकांची मूळ गावे रत्नागिरी, मालवण, अलिबाग अशी असली, तरी दैनंदिन जीवनात समुद्राशी त्यांचा संबंध फारसा उरलेला नाही. अशा ठिकाणी नौकेवरील बिनतारी यंत्राची चर्चा कोणी केली, तर ती अस्थानी वाटण्याचा संभव आहे. परंतु गोविंदपुऱ्यातील कारागीर आणि हर्णैच्या बंदरातील तांडेल या दोघांनाही एक गोष्ट सारखीच ठाऊक असते: तारेचा एक सैल सांधा सगळे यंत्र निकामी करू शकतो. कारखान्यात त्यामुळे काम खोळंबते. समुद्रावर त्यामुळे माणसे जातात.

१७ जुलै १९४७ चा दिवस कोकणातील जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. त्या दिवशी सकाळी ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात उलटून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. स्थळ मुंबईपासून काही मैलांवरच होते; बंदरात नौका होत्या, माणसे होती, साधनेही होती. पण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. त्यामुळे ही भयंकर वार्ता मुंबईस कळली, ती काही तासांनी, पोहून जिवानिशी वाचलेल्या माणसांच्या तोंडून! मदत जवळ असणे निराळे आणि मदतीस आपली हाक ऐकू जाणे निराळे. या दोहोंमधील अंतर तोडण्याचे साधन म्हणजे नौकेवरील बिनतारी यंत्र होय.

आज मासेमारी नौकांवर जे यंत्र सर्वांत अधिक उपयोगाचे ठरते, त्यास ‘व्ही. एच. एफ.’ असे म्हणतात. त्याच्या लहरींची कंप्रता १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास असते. हा पट्टा जगभरच्या नौकांसाठी राखून ठेवलेला असून त्याचे क्रमांक दिलेले चॅनेल पाडलेले आहेत. त्यांत १६ क्रमांकाचा चॅनेल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हा संकटाची हाक देण्यासाठी आणि एकमेकांस प्रथम साद घालण्यासाठी आहे.

कोणी विचारील की, आता प्रत्येक खलाशाच्या खिशात मोबाइल फोन असताना या यंत्राची मातब्बरी ती काय? फोन एका माणसाकडून दुसऱ्या एकाच माणसाकडे जातो, तोही किनाऱ्यावरील मनोऱ्याच्या टप्प्यात असेपर्यंत. बिनतारी हाक मात्र टप्प्यातील सर्वांच्या कानी एकाच वेळी पडते. संकटात सापडलेल्या तांडेलास सर्वांत जवळची नौका कोणाची, तिचा फोन क्रमांक काय, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने हाक द्यावी. जो जवळ असेल तो ऐकेल. गावात विहिरीत कोणी पडले, तर ओरडणारा माणूस नाव घेऊन हाक मारीत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे.

या लहरींचा स्वभाव मात्र नीट समजून घेतला पाहिजे. त्या जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात आणि पृथ्वीच्या वळणापलीकडे फारशा वाकत नाहीत. म्हणून यंत्राची शक्ती वाढवून जे साधत नाही, ते अँटेनाची उंची वाढवून साधते. हिशेब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास ४.१ ने गुणावे. जो आकडा येईल तितके किलोमीटर तिचे क्षितिज. अँटेना पाण्यापासून ४ मीटर उंच असेल, तर क्षितिज सुमारे ८ किलोमीटर. अशाच दोन नौका एकमेकींशी सुमारे १६ किलोमीटरपर्यंत बोलू शकतील. किनाऱ्यावरील केंद्राची अँटेना १०० मीटर उंचीवर असेल, तर तिचे क्षितिज ४१ किलोमीटर. तेव्हा ही नौका त्या केंद्राशी सुमारे ४९ किलोमीटरवरून, म्हणजे २६-२७ सागरी मैलांवरून, बोलू शकेल. म्हणून अँटेनाची जागा डोलकाठीच्या टोकाशीच होय. ती उभी व सरळ असावी, आणि लोखंडी तारा व पत्रे यांपासून शक्य तितकी मोकळी असावी.

अँटेनापासून यंत्रापर्यंत येणारी केबल हा दुसरा महत्त्वाचा भाग. पैसे वाचविण्यासाठी येथे बारीक केबल घालण्याचा मोह होतो. पण अशी १५-१६ मीटर लांबीची बारीक केबल यंत्राची जवळजवळ निम्मी शक्ती वाटेतच गिळून टाकते. २५ वॅटचे यंत्र घ्यावयाचे आणि अँटेनापाशी १२ वॅट पोहोचवावयाचे, हा कसला व्यवहार? जाड केबल घातली, तर तेवढ्याच अंतरात नुकसान पावपट भागावर येते. केबलच्या टोकांचे सांधे नीट डाख देऊन पक्के करावेत आणि वरून पाणी न शिरेल अशी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी. कारण खारे पाणी एकदा केबलच्या जाळीत शिरले, की तांबे आतल्या आत हिरवे पडून कुजते आणि बाहेरून काही दिसतही नाही. अँटेना जोडल्यावाचून बोलण्याची कळ कधीही दाबू नये. बाहेर न गेलेली शक्ती यंत्रातच परतते आणि त्याचे भाग जाळू शकते.

तिसरा भाग विजेचा. ही यंत्रे बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. नुसते ऐकत असताना त्यांना एक अँपिअरहूनही कमी प्रवाह पुरतो. परंतु पूर्ण २५ वॅटने बोलू लागले, की तोच प्रवाह ५ ते ६ अँपिअर होतो. येथे एक फसवणूक दडलेली आहे. तार बारीक असली किंवा सांधा सैल असला, तरी ऐकण्यापुरती वीज सुखेनैव येते. यंत्र चालू दिसते, दिवा लागतो, इतरांचे बोलणे स्पष्ट ऐकू येते, आणि तांडेल निश्चिंत होतो. पण संकटाच्या वेळी कळ दाबली की व्होल्ट खाली घसरतात आणि हाक नौकेबाहेर पडतच नाही. यंत्र ऐकते म्हणून ते बोलतेही, असे समजू नये. म्हणून यंत्रास बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार आणावी, बॅटरीजवळच फ्यूज बसवावा, आणि इंजिनच्या किंवा दिव्यांच्या तारेस यंत्र लटकावू नये.

बॅटरीची जागाही विचारपूर्वक निवडली पाहिजे. ती नौकेच्या तळाशी ठेवण्याची चाल सोयीची खरी. पण नौकेत पाणी भरू लागले, की सर्वांत आधी तीच बुडते, आणि ज्या क्षणी हाकेची गरज त्याच क्षणी यंत्र मुके होते. एक बॅटरी तरी उंचावर, घट्ट बांधून ठेवावी. यंत्र सुकाणूजवळ, उभ्या माणसाच्या हाताशी असावे, परंतु होकायंत्रापासून हातभर तरी दूर. कारण ध्वनिवर्धकातील लोहचुंबक होकायंत्राची सुई फिरवितो. असे यंत्र बसविण्यास केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची अनुज्ञा लागते, हेही ध्यानात ठेवावे.

आता यंत्र चालविण्याविषयी. कळा थोड्या आहेत, पण शिस्त मोठी आहे. प्रथम खरखर बंद करण्याचे बटण हळूहळू फिरवावे आणि खरखर जेथे नुकतीच थांबते तेथे सोडावे. त्याहून पुढे नेल्यास खरखरीबरोबर दूरची क्षीण हाकही बंद होते. बोलण्यापूर्वी ऐकावे. माइक तोंडापासून चार बोटे दूर धरावा, कळ दाबावी, क्षणभर थांबावे आणि मग सावकाश बोलावे. एका वेळी एकानेच बोलावयाचे असल्याने आपले बोलणे संपले की ‘ओव्हर’ म्हणून कळ सोडावी. १६ वर केवळ साद घालावी आणि ओ मिळताच दुसऱ्या चॅनेलवर जावे. बंदरात बोलताना शक्ती १ वॅटवर आणावी. मासळीचा भाव, गप्पागोष्टी, गाणी यांना १६ वर थारा असता कामा नये. एखाद्याच्या बुडाखाली माइकची कळ दाबली जाऊन राहिली, तर तेवढ्या टापूतील १६ क्रमांक मुका होतो आणि दुसऱ्या कोणाची हाक त्याखाली चिरडली जाते.

प्राणसंकट ओढवल्यास द्यावयाची हाक ‘मे-डे’ ही होय. ‘मला साहाय्य करा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून ती आली. ती देण्याचा क्रम ठरलेला आहे, आणि तो तोंडपाठ असावा. समजा, नौकेचे नाव ‘जलराणी’ आहे. मग चॅनेल १६, शक्ती पूर्ण, आणि पुढीलप्रमाणे बोलावे: “मे-डे, मे-डे, मे-डे. जलराणी, जलराणी, जलराणी बोलत आहे. मे-डे जलराणी. खांदेरीच्या दीपगृहापासून पश्चिमेस सहा मैल. नौकेत पाणी शिरले आहे, बुडत आहे. माणसे आठ. तातडीने मदत हवी. ओव्हर.” कोण, कोठे, काय झाले, किती जण, काय हवे; इतकेच. ‘कोठे’ हे आधी सांगावयाचे, कारण पुढचे शब्द ऐकू गेले नाहीत तरी मदत करणाऱ्याने निघावे कोणत्या दिशेस, हे त्यास कळले पाहिजे. इंग्रजी येत नसेल, तर मराठीत बोलावे. किनाऱ्याजवळच्या नौकांवर मराठी जाणणारे कान पुष्कळ आहेत. जीव जाण्याचा धोका नाही, पण इंजिन बंद पडले आहे, अशा वेळी ‘पॅन-पॅन’ हे शब्द तीनदा उच्चारावेत.

नव्या यंत्रांवर झाकणाखाली एक तांबडे बटण असते. ते काही क्षण दाबून धरले, की ७० क्रमांकाच्या चॅनेलवरून नौकेची ओळख आणि ठावठिकाणा आपोआप प्रसृत होतो. मात्र त्यासाठी भारतीय नौकेस मिळणारा, ४१९ ने सुरू होणारा नऊ अंकी क्रमांक यंत्रात भरलेला असावा लागतो आणि स्थान दाखविणारे जी. पी. एस. त्यास जोडलेले असावे लागते. ही जोडणी न करता बटणावर विसंबणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणे.

या यंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. २००९ च्या नोव्हेंबरात आलेल्या ‘फयान’ वादळाने कोकणच्या मच्छीमारांवर मोठा घाला घातला. २०१७ च्या ‘ओखी’ वादळात केरळ-तामिळनाडूच्या कित्येक नौका भरकटत येऊन देवगडच्या आश्रयास लागल्या. किनाऱ्यापासून शंभर-दोनशे मैल आत गेलेल्या नौकेची हाक व्ही. एच. एफ. किनाऱ्यास पोहोचवू शकत नाही. त्यासाठी उपग्रहाशी बोलणारी साधने हवीत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे आरंभ झालेल्या योजनेत १ लाख मासेमारी नौकांवर अशी साधने बसविण्याचा संकल्प आहे. तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांकही आहेच. परंतु उपग्रहाने संदेश किनाऱ्यास दिला, तरी बुडत्या माणसाजवळ आधी पोहोचू शकते ती शेजारची नौका. आणि तिला गाठण्याचे साधन व्ही. एच. एफ. हेच.

शेजारची नौका ऐकत असेल तरच! १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली, तेव्हा ‘कॅलिफोर्नियन’ हे जहाज तिच्यापासून फारसे दूर नव्हते. पण त्यावरील बिनतारी चालक यंत्र बंद करून नुकताच झोपी गेला होता. त्याहून कितीतरी दूर असलेल्या ‘कार्पाथिया’वरील चालक अजून जागा होता. त्याने हाक ऐकली आणि सातशेच्या आसपास माणसे वाचली. बिनतारी यंत्र विकत घेणारा तांडेल स्वतःपुरते साधन घेतो, असे नाही. इतरांची हाक ऐकण्याची जबाबदारीही त्याबरोबर पत्करतो. बॅटरी वाचविण्यासाठी किंवा खरखरीचा कंटाळा येऊन जो यंत्र बंद ठेवतो, तो शेजाऱ्याचे दार बंद करतो.

१ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते. उत्तनला, वसईच्या पाचूबंदरावर, सातपाटीस, मिरकरवाड्यास नौका विसावतात, त्यांची डागडुजी होते, रंग दिला जातो. त्याच दिवसांत बिनतारीचे सांधे उघडून पाहावेत, अँटेना उतरवून पुसावी, बॅटरी तपासावी आणि दुसऱ्या नौकेशी प्रत्यक्ष बोलून पाहावे. आणखी एक गोष्ट करावी. यंत्र एकट्या तांडेलास येऊन भागत नाही. लाटेने तोच पाण्यात ओढला गेला, तर हाक कोणी द्यावयाची? हाकेचा क्रम मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राशेजारी चिकटवावा आणि नौकेवरील सर्वांत लहान खलाशाकडून, यंत्र बंद ठेवून, तो मोठ्याने म्हणवून घ्यावा. तो न अडखळता म्हणू लागला, की मग नौका समुद्रावर नेण्यास सिद्ध झाली, असे समजावे.